तीन नंबरची खाट

४ नोव्हें., मंगळ.
शेठजींच्या पायांची सूज उतरली. रेखाबाईंचा सुयांचा हात अजून काळानिळा, तरी दुसऱ्या हाताने शाळेचे पेपर तपासणं चालू. फैजपूरचे नाना तीन नंबरच्या खाटेवर, ठणठणीत म्हणे. मी? आहे तशी.

डायलिसिसला मंगळ-शुक्र आम्ही चौघं. काट्यावर चढले की नानांची हाळी ठरलेली. "अक्का, किती पाणी आणलं? विहीर उपसून आणली का काय!" अंगात साठलेल्या पाण्याने वजन दोन किलो वाढलं होतं. हा माणूस नसता तर पहिल्याच महिन्यात मी घरी बसले असते. मशीनला कंटाळून.

निघताना नानांनी शेठजींना नि मला एकेक बाटली दिली. "आमच्या मळ्यातल्या केळीच्या खांबाचा रस हाये. किडनी धुऊन निघते. मले फरक पडला. सिस्टरले सांगू नका." रेखाबाई नको म्हणाल्या. "मास्तरीनबाईले सगळं पुस्तकातलंच पाह्यजे!" खूप हसलो.

७ नोव्हें., शुक्र.
तीन नंबर रिकामी. फोन लावला तर नाना खुशीत. "मले मशीनची गरजच नाही राह्यली, अक्का. लघवी वाढली." शेठजी म्हणाले, "मी पण रोज पेलाभर घेतोय."

खोटं कशाला लिहू, मनात आलंच. माझीही सुटका होईल? बाटली फ्रिजात दह्यामागे. पण दिवसाचं पाणी मोजकं. रस प्यायचा तर सकाळचा चहा सोडायचा. चहा सुटेना. उद्या बघू.

११ नोव्हें., मंगळ.
नाना आयसीयूत. पहाटे पाय लुळे पडले, नाडी मंदावली. वहिनींनी, नानांच्या बायकोने, रसाचं सांगितलं. ऐकून आमची सिस्टर म्हणाली, "अक्का, केळीतलं पोटॅशियमच तर आपण टाळतो ना! खांबात पण तेच, रक्तात साठलं की हृदय बंद पडतं. वर डायलिसिस चुकवलं..."

केळं खायचं नाही, हे नव्या पेशंटला नानाच शिकवायचे. फळ नको, एवढंच डोक्यात. खांब म्हणजे फळ थोडंच! मलाही सुचलं नाही. एवढी वर्षं केळीच्या मुलखात राहून.

शेठजी पांढरेफटक. कसंबसं बोलले, "सिस्टर, मी कालही प्यायलो." लगेच रक्त काढलं, मशीन जोडलं. रेखाबाई त्यांचा हात धरून.

घरी आले. बाटली मोरीत ओतली. चहाने वाचवलं म्हणायचं...

१४ नोव्हें., शुक्र.
शेठजी सावरले. नाना वॉर्डात आलेत. पण वहिनी फोनवर रडत होत्या. "भिंतीकडे तोंड करून पडेल हायेत. मी दोघांले इख पाजलं, कोन्या तोंडाने जाऊ म्हनतात. आता मशीनच नको म्हनतात."

मशीन नको म्हणजे काय, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक.

शेठजी कडाडले, "सांगा त्यांना, माझं भांडण बाकी आहे. भांडायला तरी या!" नि डोळे पुसले.

नाना फोन उचलत नाहीत. म्हणून मोबाइलवर लिहून पाठवलं, ते इथे उतरवते:

नाना, आज काट्यावर चढले तर कोणी विचारलंच नाही. आज तीन किलो आणलं. तुमच्या खाटेवर रेखाबाईंनी पेपरांचा गठ्ठा ठेवलाय, दुसऱ्या कोणाला देऊ देत नाहीत. तुम्ही प्रेमानेच दिलं, आम्ही प्रेमानेच घेतलं. आता मंगळवारी या. शिव्या घालायच्या तर घाला, पण लिहा काहीतरी. आत्ताच लिहा, फोन हातात धरून बसलेय.