बँडमास्तरच्या अंगात आलं त्याबद्दल

बेंबळी,
शनिवार, शाळा सुटल्यावर

तीर्थस्वरूप बलभीममामांच्या पायांशी भाचा योगीराजचं डोकं. (ते वर काढायची सध्या सोय नाही, म्हणून काही दिवस तिथंच राहू द्यावं.)

इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. तुमचा गुडघा कसा आहे? कमलमामींची गाय आता पान्हा सोडते का? (गाईचं मुद्दाम विचारतो आहे, कारण पुढं येईल.) उमरगा काही सातासमुद्रापलीकडं नाही. सकाळच्या एस.टी.नं निघालो तर जेवणाच्या वेळेला तुमच्या ओसरीवर असेन, आणि खिशात फोनही आहे. तरी पत्र लिहितो आहे, कारण फोनवर तुम्ही रागावलात की काही बोलत नाही, नुसता तुमचा श्वास ऐकू येतो, आणि तो ऐकायची माझी छाती नाही.

लातूरच्या विभागीय बँड स्पर्धेत काय झालं, याच्या निरनिराळ्या हकिकती तुमच्यापर्यंत पोचल्या असतील. मी परीक्षकांच्या टेबलावर चढलो असं कुणी सांगितलं असेल तर ते साफ खोटं आहे. टेबलाजवळ गेलो होतो, एवढंच. मी मुख्य पाहुण्यांचा फेटा उडवला हेही खोटं. त्यांनी तो आपण होऊन काढला आणि हात जोडले. पण मी भर मैदानात, पांढऱ्या गणवेशात, डोक्यावर टोपी आणि गळ्यात शिट्टी घालून नाचलो, हे खरं आहे. तुम्ही लष्कराच्या बँडात बिगुल वाजवलात. परेडला कानात मुंगी शिरली तरी तुम्ही तिला आत जाऊ दिलं आणि मान हलवली नाही, ही गोष्ट आपल्या घरात लहान लेकरांना जेवताना सांगतात. रांगेत उभा राहिलेला माणूस हलत नाही, हे तुम्ही मला शिकवलंत. त्या माणसाचा भाचा हा असा निघाला. गेले काही दिवस मी मिशीला कंगवासुद्धा लावलेला नाही, कारण त्यासाठी आरशात बघावं लागतं.

आता सगळं सुरुवातीपासून सांगतो. आमच्या शाळेतल्या पोरींचं बँड पथक मी जूनपासून तयार करत होतो. ड्रम, झांजा, बिगुल, आणि पुढं काठी घेऊन चालणारी नववीतली शिवांजली. (ही पोरगी काठी अशी फिरवते की मुख्याध्यापकसुद्धा तिच्या जवळून जाताना वाकून जातात.) संध्याकाळी सराव सुरू झाला की पारावरची मंडळी मैदानाच्या कडेला येऊन बसायची आणि विचारायची, "काय मास्तर, लग्नाच्या सुपाऱ्या घ्यायला लागलाव का?" मग हसायची. पोरी ऐकायच्या आणि मान खाली घालून वाजवायच्या. बिगुल वाजवणाऱ्या हर्षालीला तर तिच्या चुलत्यानं "गाल फुगवून फुगवून बेडकी होशील" असं सांगून ठेवलं होतं. मी या लोकांना काही बोललो नाही. बोलायला पाहिजे होतं. मग धाराशिवला जिल्ह्यात आमचा पहिला नंबर आला आणि पार एकदम रिकामा झाला. लातूरला जिंकलं की पुण्याला राज्याची स्पर्धा. पोरींनी पुण्याला काय काय बघायचं ते ठरवून ठेवलं होतं. त्यात मेट्रो होती, समुद्र होता. (भूगोलाच्या बाईंना मी हे सांगितलेलं नाही.)

तर लातूरला जायचं. पोरी एस.टी.त बसल्या, पण मोठा ड्रम एस.टी.च्या दारातून जाईना. आडवा केला, उभा केला, कंडक्टरनं तिरका करून बघितला. शेवटी तो म्हणाला, "ह्याचं तिकीट फाडतो, पण ह्याला आत तुमीच घाला." मग मी आमच्या बजरंगला फोन केला. बजरंग माझा बालमित्र, त्याचा मालवाहू टेम्पो आहे, आणि तो कुठल्याही कामाला नाही म्हणत नाही, हाच त्याचा दोष आहे. सगळी वाद्यं टेम्पोत घातली. आदल्या दिवशी त्याच टेम्पोतून त्यानं सुक्या मिरचीची पोती सोलापूरला नेली होती. टेम्पो झाडून घेतला होता असं बजरंग म्हणतो. मी बघितलं नाही. वाद्यं फडक्यात गुंडाळायला हवी होती. तेही केलं नाही. ड्रमवर नवीन पांढरा रंग दिला होता, तो दिसावा म्हणून उघडीच ठेवली.

मैदानात आमचा नंबर आला. संचलन तर असं झालं की मला तुमची आठवण झाली. मग हर्षालीचा एकटीचा बिगुल होता. ती रांगेतून पुढं आली, बिगुल ओठाला लावला, छाती भरून श्वास ओढला, आणि बिगुलातून शिंक आली. मामा, बिगुलातून निघणारे सगळे आवाज तुम्ही ऐकले असतील, पण शिंक ऐकली नसेल. ती मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला गेली, कारण लांब ऐकू जावं यासाठीच तर तो बनवलेला असतो. तिनं पुन्हा श्वास घेतला, पुन्हा शिंक. मैदान हसायला लागलं. इतर शाळांची पोरं हसली, त्यांचे मास्तर हसले, एक परीक्षक कागदाआड हसला. हर्षाली बिगुल तोंडाशी धरून तशीच उभी राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते सगळंच मिरचीचं नव्हतं.

यानंतर ठरल्याप्रमाणे ड्रमवर संबळाचा ठेका होता. (तो मीच बसवला होता. आपल्या मातीतलं काही असलं की परीक्षक खूश होतात, असं कुणीतरी सांगितलं होतं.) तुळजापूरच्या अंगणातली माणसं आपण, तो ठेका आपल्या कानात जन्मापासून आहे. पोरींनी तो धरला आणि माझ्या अंगात वारं आलं. यापुढचं मला काही आठवत नाही. लोकांनी सांगितलं ते लिहितो.

म्हणे मी घुमत घुमत मैदानाच्या मधोमध गेलो. हसणारं सगळं मैदान एका क्षणात गप्प झालं. लोकांनी चपला काढल्या. आता नियम असा, की ठरलेली वेळ संपली की एक गृहस्थ लाल झेंडा वर करतो, आणि त्यानंतर वाजवणारं पथक बाद. त्यानं झेंडा वर केला. पण आपल्याकडं अंगात वारं असताना वाजवणं थांबवत नाहीत, ते उतरेपर्यंत ठेका चालू ठेवावा लागतो, हे पोरींना घरून माहीत. त्या थांबेनात. ठेका थांबेना म्हणून माझं वारं उतरेना. झेंडेवाल्याचे हात भरून आले. त्यानं झेंडा बगलेत मारला, बूट काढले आणि हात जोडून उभा राहिला. शेवटी कडेला भुईमुगाच्या शेंगा विकणाऱ्या प्रेमाबाई नावाच्या आजीबाई पुढं आल्या, माझ्या कपाळाला हळदकुंकू लावलं आणि विचारलं, "कुठली गं माय तू?" मी म्हणालो, "बेंबळीची." "काय पायजे माय तुला?" मी म्हणालो, "पाणी." पाणी दिलं, तेव्हा मी खाली बसलो. आमचं पथक बाद झालं.

गावात आता माझं काय झालंय ते विचारू नका. पारावरची मंडळी मला बघून उठून उभी राहतात. मुख्याध्यापक वेळापत्रकात माझे तास कमी करू का म्हणून विचारतात. आणि कमलमामींनी उमरग्याच्या कंडक्टरबरोबर नारळ आणि खण पाठवून गाईबद्दल विचारलं आहे. (तुमच्या नकळत पाठवलं असावं असं वाटतं. त्यांना रागावू नका. नारळ देवळात ठेवला. गाईला डॉक्टर दाखवा.) मामा, तुमचं नाव मी घालवलं. मला क्षमा करा असं म्हणायचाही मला हक्क नाही, पण दुसरं काय म्हणावं ते सुचत नाही.

तुमचाच, तुम्हाला चालत असेल तर,
योगीराज

ता.क. लिहायचं राहिलं. (राहिलं नाही, मघाशी धीर झाला नाही.) स्पर्धेच्या समितीत आमच्या पथकाबद्दल बैठक झाली. नैसर्गिक आपत्तीमुळं व्यत्यय आला तर पथकाला पुन्हा संधी देता येते, असा नियम आहे. देवीला आपत्ती म्हणायला कुणी तयार होईना, तेव्हा 'अपरिहार्य कारण' असं ठरलं. मी एक निवेदन सही करून द्यायचं, आणि माझ्या घरातल्या वडीलधाऱ्या माणसानं समक्ष येऊन सांगायचं की हे आमच्या घरात पिढीजात आहे. तेवढं झालं की पोरींना पुन्हा वाजवायला मिळेल. तर तुम्ही पदकं लावून लातूरला यावं आणि माझ्या आईच्या अंगात यायचं असं सांगावं, ही विनंती आहे. आईच्या अंगात येत नव्हतं हे मला ठाऊक आहे, पण ती चिडली की शेजारी लांबूनच हात जोडायचे, हे तुम्हीही पाहिलंय.

ता.क. दुसरा. वरचा ता.क. रद्द समजावा. रविवारी पोस्ट बंद, म्हणून पत्र घरातच राहिलं, आणि दुपारी शिवांजली आणि हर्षाली घरी आल्या. चहाला नको म्हणाल्या. बराच वेळ एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. मग शिवांजली म्हणाली, "सर, राग येणार न्हाय ना? आमच्या आजीच्या अंगात येतं. अंगात आलेलं माणूस टोपी सांभाळत न्हाय. तुमी एका हातानं टोपी धरली हुती."

मामा, माझ्या अंगात काही आलं नव्हतं. मला सगळं आठवतंय. हर्षाली तिथं उभी होती आणि लोक तिला हसत होते. मिरचीचा टेम्पो मी आणलेला, वाद्यं उघडी मी ठेवलेली, आणि हसत होते तिला. सरावाला पारावरची माणसं हसली तेव्हा मी गप्प बसलो होतो. त्या दिवशी बसवेना. त्यांनी तिच्याकडं न बघता दुसरीकडं कुठंतरी बघावं, एवढंच डोक्यात होतं, आणि मैदानात दुसरीकडं बघण्यासारखा फक्त मीच होतो. ठेका थांबला की थांबायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं. तो थांबेचना! लाल झेंडा मला दिसत होता. मी घुमता घुमता डोळ्यांनी पोरींना खुणावत होतो, आणि त्या आणखी जोरात वाजवत होत्या. 'बेंबळीची' म्हणालो ते घाबरून. पाणी मात्र खरंच हवं होतं. देवीच्या नावानं हे सोंग केलं, याची लाज मला जन्मभर पुरेल.

मी पोरींना विचारलं, "कळलं होतं तर थांबला का नाही?" हर्षाली म्हणाली, "आमी थांबलो असतो तर तुमी उघडे पडला असता की सर. सगळे तुमालाच हसले असते."

मग मी निवेदनाचं सांगितलं. सही केली तर पुन्हा वाजवायला मिळेल, पुणंही मिळेल कदाचित. दोघींनी एकमेकींकडं बघितलं. पुण्याचं नाव काढल्यावर हर्षालीचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं. पण म्हणाली, "नगं सर. परत वाजवायला गेलो तर लोकं बिगुल ऐकाया न्हाय, तुमचं वारं बघाया येतील. मग तुमाला परत नाचावं लागंल."

आज सकाळी मी समितीच्या सचिवांना फोन करून खरं काय ते सांगितलं. ते मग म्हणाले, "म्हणजे मी बूट काढले ते फुकटच?" (झेंडा त्यांच्याकडंच होता.) यंदा पथक बाद ते बादच, आणि पुढच्या वर्षी पथक आलं तरी मला मैदानात पाय ठेवायला बंदी. पुणं गेलं, मामा. ते माझ्यामुळं गेलं.

ता.क. तिसरा, आणि खरी विनंती हीच. पोरी जूनपासून पुन्हा सराव करणार म्हणतात. मैदानात त्यांच्याबरोबर माझ्या जागी तुम्ही उभं राहाल का? पदकं नकोत, पिढीजात काही सांगायला नको, नुसतं उभं राहायचं. तुमचं नाव मी पोरींना सांगितलं. मुंगीची गोष्टही सांगितली. शिवांजलीला ती फार आवडली. हर्षालीनं मात्र सगळी ऐकून घेतली आणि विचारलं, "ते मामा अजिबातच हलत न्हाईत?" मी अभिमानानं म्हणालो, अजिबात नाही. तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "मग सर, आमी चुकलो तर?"

मामांनाच विचारतो, म्हणालो. येताना तेवढं उत्तर घेऊन या.