दोन थापा

४ फेब्रुवारी, सोमवार

मिळालं काम! आजपासून मी राणी. इथे नाटकात चकार शब्द काढायचा नसतो आणि तालमीतही नाही. सकाळी नऊला दारातली पितळी घंटा वाजली की सगळ्यांच्या तोंडाला कुलूप, ते संध्याकाळी पाचच्या घंटेपर्यंत. शिंक आली तरी हात जोडून माफी मागायची. माझ्यासारखी बडबडी बाई अशाने पोट फुगून मरेल, म्हणून ही वही.

तालीमघर म्हणजे पूर्वीचं सुताचं गोदाम. फळ्यांची काळी जमीन, चालताना एकेक फळी वेगळी कुरकुरते. सर साठीचे, कायम अनवाणी, बोटाच्या इशाऱ्यावर सगळं चालवतात. माझ्यासोबत काम करणारा नट इतका उंच की त्याला सगळे खांब म्हणतात. कोपऱ्यात ढोल घेऊन बसतो तो तालवाला. कपडे सांभाळणाऱ्या मावशी पाचच्या घंटेनंतर आठ तासांचं बोलणं एका दमात संपवतात. माझं त्यांच्याशी जमणार.

नाटक जुनंच. राजा राज्यासाठी पोटच्या मुलीचा जीव घेतो, राणी त्याचा सूड घेते आणि शेवटी दीर, म्हणजे आमचा खांब, तिला गुंडाळून मारतो. सरांनी त्यातले सगळे शब्द काढून टाकलेत. उरलीत ती माणसं आणि बावीस हात लांब लाल कापड.

६ फेब्रुवारी

दोन दिवस नुसतं पडायला शिकतेय. कोपर निळं, गुडघा हिरवा. मजा येतेय.

अशा प्रत्येक मंडळीत थांबायची एक खूण असते. खरंच लागलं, गुदमरलं, तर जमिनीवर दोन थापा द्यायच्या. लगेच सगळे थांबतात. आज मी खुणेनेच विचारलं की इथे खूण कोणती. सरांनी नकारार्थी मान हलवली. पाचनंतर खांबाने सांगितलं की त्या दोन थापा आता नाटकातच आहेत. कापडात गुंडाळलेली राणी मरताना जमिनीवर दोन थापा देते, तेव्हा प्रेक्षक श्वास रोखून बसतात. मग थांबायची खूण कोणती, असं मी पुन्हा विचारलं. तो म्हणाला, सर म्हणतात विश्वास हीच खूण.

मी हसून मान डोलावली. घरी येऊन उशी दातांनी फाडली.

९ फेब्रुवारी

आता लिहायलाच हवं, नाहीतर ही वही खोटी ठरेल. माझ्या आधी राणीचं काम माझी ताई करायची.

नोव्हेंबरच्या प्रयोगात तिने कापडातून दोन थापा दिल्या. त्या नाटकातल्याच होत्या. मग आणखी दोन दिल्या, पहिल्या रांगेतल्या एका बाईने मला नंतर सांगितलं. त्या नाटकात नव्हत्या. नाटक पुढे अकरा मिनिटं चाललं. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या आणि नमस्कारासाठी कापड सोडलं तेव्हा आत ताई उरली नव्हती.

कागदोपत्री अपघात. ही मंडळी आमच्या दारात हात जोडून उभी राहिली आणि तिथेही गप्पच. मी आतल्या खोलीत तोंड झाकून पडले होते, त्यामुळे माझा चेहरा कोणी पाहिलेला नाही. सोडलेल्या नवऱ्याचं आडनावही शेवटी एकदाचं कामाला आलं.

दुसऱ्या दोन थापा कोणी ऐकल्या आणि कोण थांबलं नाही, एवढं मला कळायला हवं. मग मी आहे आणि ते आहेत.

१३ फेब्रुवारी

मावशी बोलल्या. धुतलेलं कापड पिळताना आपणहून रडायला लागल्या. तालवाल्याने त्या दुसऱ्या थापा ऐकल्या होत्या. त्याला वाटलं ताईने आज नवं काहीतरी केलंय, म्हणून त्याने तोच ताल ढोलावर उचलला. त्यानंतरच्या थापा त्या आवाजात बुडाल्या. खांबाला आतून ओढ जाणवत होती. त्याला वाटलं आज बाई रंगात आहेत, म्हणून त्याने पीळ आणखी आवळला. आणि पडद्याआडून सरांनी बोट वर केलं, चालू द्या. मावशींनाही शंका आली होती, पण प्रयोग चालू असताना बोलायचं नसतं ना, असं म्हणून त्या पुन्हा रडल्या.

मी त्यांना पाणी दिलं. मनात तिघांना मोजून ठेवलं.

१५ फेब्रुवारी

आज पहिल्यांदा कापडात. आत लाल अंधार आणि आपल्याच श्वासाची वाफ. ठरल्याप्रमाणे दोन थापा दिल्या.

फळीखालून, माझ्या तळव्याच्या बरोबर खालून, दोन थापा परत आल्या.

ताईच्या मधल्या बोटात सैल अंगठी असायची. ती काहीही थोपटायला लागली की प्रत्येक थापेमागे एक बारीक टक व्हायचं. आज फळीखालून तेच टक ऐकू आलं. मला भीती वाटली नाही. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा एकटं वाटलं नाही. मी फळीला तोंड लावून तिघांची नावं घेतली, ओठांनीच, आवाज न करता.

१८ फेब्रुवारी

तालवाल्याची बोटं थांबत नाहीत. टेबलावर, मांडीवर, बायकोच्या ताटावर, दोन थापा, दोन थापा. झोपेतही. हात बांधून ठेवले तर तो गळ्यातून किंचाळतो. बोटांची सालं निघालीत. मावशी म्हणाल्या, अतिकामाने होतं असं.

मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? फार बरं वाटलं.

२१ फेब्रुवारी

खांबाच्या मुठी मिटल्या त्या उघडतच नाहीत. कापड आवळताना मिटल्या. कापड शेवटी कात्रीने कापावं लागलं. डॉक्टरांनी सुया दिल्या, काही उपयोग नाही. त्याची आई त्याला लहान पोरासारखं भरवते. मी भेटायला गेले. तो रडला, आणि सवयीने तेही आवाज न करता.

निघताना त्याच्या पाठीवर दोनदा थोपटलं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि सगळं ओळखलं. मला तेच हवं होतं.

ताई, आता एकच राहिला.

२३ फेब्रुवारी

सरांचा आवाज गेला. गळ्याभोवती लाल वळ. उजव्या हाताचं बोट वर झालंय ते खाली येत नाही, चालू द्या म्हणतंय. मी त्यांच्या घरी गेले, खाटेपाशी बसले आणि कोणाची बहीण ते सांगितलं. त्यांची तंतरलेली बघायची होती. पण ते घाबरले नाहीत. डाव्या हाताने पाटीवर वेडंवाकडं लिहायला लागले.

त्यांनी लिहिलं की थापा नाटकात घ्यायची कल्पना त्यांची नव्हती. ताईच घेऊन आली होती. म्हणाली होती, माझ्या धाकटीला फार आवडलंय, ठेवू या.

खाली सावकाश आणखी एक ओळ लिहिली. ती धाकटी तूच ना?

२४ फेब्रुवारी

आठवलं. विसरले कधी होते? नुसती त्यावर बसून होते.

मागचा उन्हाळा. ताई घरी चादरीत स्वतःला गुंडाळून सराव करत होती. पीळ घट्ट बसला आणि तिने दोन थापा दिल्या. मी सोडवायला उठले नाही. खुर्चीत हसत बसले होते. ती कशीबशी बाहेर आली, चेहरा लालबुंद. मी म्हणाले, अगं, हेच ठेव नाटकात, काय काटा आला अंगावर! ती म्हणाली, वेडे, ही थांबायची खूण आहे. मी म्हणाले, मग दुसरी शोधा की.

माझं तिने आयुष्यभर ऐकलं. हेही ऐकलं.

मी तिला तीन नावं दिली. तिच्याकडे चार होती.

२५ फेब्रुवारी

न्हाणीघराच्या फरशीखालून. मग स्वयंपाकघरात. आता खुर्चीखाली. दोन थापा आणि टक.

मी मोठ्याने माफी मागायला तोंड उघडलं — आवाजच नाही.

२६ फेब्रुवारी, सकाळ

तालीमघरात आलेय. तिथेच माफी मागायची, फळीला डोकं टेकून. आवाज नाही म्हणून वही सोबत. कोणी काही विचारलं तर लिहून दाखवेन. नवा नट, नवा तालवाला आलेत. नाटक थांबत नाही. घंटा नुकतीच झाली.

थापा कपड्यांच्या खोलीतून आल्या. आत शिरले —

दार मागे बंद झालं. कडी बाहेरून नाही. आतूनही नाही. पण उघडत नाही.

कापड कात्रीने कापलं होतं. आता अखंड आहे. पायांपर्यंत आलंय.

कमरेपर्यंत. ओढत नाहीये, नीट गुंडाळतेय. लहानपणी मला शालीत गुंडाळायची तशी —

दारावर दोन थापा दिल्या. बाहेर पावलं थांबली. मावशीच, त्यांच्या चपला ओळखते मी. ऐकलं त्यांनी! आता उघडतील —

टाळी वाजवली. हळूच, कौतुकाची. आणि गेल्या.

छातीवर. डावा हात आत गेला. पुन्हा दोन देते —

फळीखालून उत्तर. ताई, चुकलं माझं, थांब, ही नाटकातली नाही गं, ही खरी, खरी खूण —

दुसरी कोणती ते सांग, मी तीच दे