व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर मुलीला देऊ नये

मी, खाली सही करणार, धंद्याने ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारा, विधुर, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो माझ्या मेहुण्याने आधी वाचावा.

१. राहते घर, बँकेतली शिल्लक आणि दुकानातली हत्यारे माझ्या एकुलत्या एका मुलीची. तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे.

२. ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायरही तिचाच. तो तापत नाही, कुरकुरत नाही, आवाज स्वच्छ देतो. व्हॉल्व्हचा, म्हणजे तापणाऱ्या काचेच्या नळ्यांचा जुना, मात्र तिला देऊ नये. तिला तोच हवा आहे. "बाबा, ह्यात माणसं अगदी समोर बसल्यासारखी वाटतात हो," म्हणते. अडचण तीच आहे.

३. कारण लिहिणे भाग आहे. माझ्याकडे एका जुन्या मैफलीची रेकॉर्ड आहे. पत्नी वारल्यावर एका दुपारी ती व्हॉल्व्हवर लावली, तर श्रोत्यांमध्ये पत्नी खाकरली. त्या मैफलीला ती गेलीच नव्हती. मी सुई बदलली, वायरी बदलल्या, व्हॉल्व्हसुद्धा नवे घातले, खाकरणे कायम. ट्रान्झिस्टरवर तीच रेकॉर्ड लावली की तिथे काहीच नाही. पुढे थोरला भाऊ गेला आणि त्याची भलत्याच जागी दिलेली "वाहवा" येऊ लागली. मेहुणा म्हणाला, "दाजी, व्हॉल्व्हमध्ये आवाज बिघडतो, तो बिघाड तुम्हाला गोड लागतो." त्याला रेकॉर्डचे रिकामे कव्हर द्यावे.

४. मला भीती वाटत नसे, उलट सोबत वाटे. गेल्या रविवारी मात्र गाणे संपून टाळ्या पडायच्या आत पत्नी स्पष्ट बोलली, "अहो, इकडे या. तुमची आणि मनीची, दोन्ही खुर्च्या धरल्यात." मनी म्हणजे माझी मुलगी. ती तेव्हा धडधाकट, आत चहा टाकत होती. मी सुई उचलून ठेवली.

५. ॲम्प्लिफायर फोडायला माझा हात धजत नाही, कारण पत्नीचा आवाज आता दुसरीकडे कुठेच नाही. माझ्यामागे रेकॉर्ड आणि व्हॉल्व्ह खालच्या शिंपीणबाईंनी फोडावेत. मुलीला आधी बाहेर पाठवावे.

६. मनी, एवढ्याने भागेल की नाही, मला माहीत नाही. पण मी तुझ्याआधी पोचतोय. तुझ्या खुर्चीवर मी माझी पिशवी ठेवीन. तुझी आई कितीही रागावली, कितीही गर्दी झाली, तरी मी ती पिशवी उचलणार नाही. तू सावकाश ये. म्हातारी होऊन, काठी टेकत ये.

ठिकाण: दुकानावरची खोली
दिनांक: १४ मार्च
सही: मनीचे बाबा

आमच्यासमोर सही केली:
१. दाखला देणारे डॉक्टर
२. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई (कलम पाच मान्य)