टेकडीवर नाव घ्यायचं नाही

६ फेब्रुवारी १९८३, रविवार

—आणि तबकडी गुलमोहोराला आपटून थेट अण्णांच्या टोपीवर! टोपी उतारावरून घसरत गेली. तिच्यामागे वेताळ धावला. अण्णा जागचे हलले नाहीत. "फेक धरली जाईल," म्हणाले. "चित्रगुप्ताला लागली तरी फेक ती फेकच."

फेक माझी होती. वडिलांच्या डोक्यावर.

टोपी आणून देताना वेताळ म्हणाला, "चेटकीण, तू खांद्यानं फेकतेस. मनगटानं फेक."

माझगावच्या टेकडीवरच्या बागेत दर रविवारी हा खेळ. झाडांना मासळीच्या जुन्या टोपल्या टांगलेल्या. उतारावर उभं राहून तबकडी त्यांत टाकायची. कमी फेकीत टाकेल तो जिंकला. टोपल्या कौसल्याच्या. ती भाऊच्या धक्क्यावरून मासळी उचलून भायखळ्याला विकते. टोपल्यांना अजून बोंबलांचा वास. लाल तबकडी जहाजावरच्या कुणा खलाशाकडून तिनं मिळवली, एका पापलेटाच्या बदल्यात. बाकी सगळी रंगाच्या डब्यांची झाकणं.

टेकडीवर प्रत्येकाला असं भुताखेताचं टोपणनाव. कौसल्या हडळ. अण्णा पाटीवर खडूनं फेकी मांडतात म्हणून चित्रगुप्त. पहिल्या दिवशी मी विचारलं, मी कोण? कौसल्यानं मला वरून खालपर्यंत पाहिलं. "बाय, तू चेटकीण. चष्मा हाय, बुकं वाचतेस, लगीन नाय. आनि काय पायजे?"

कॉलेजात मला इतक्या थोडक्यात कुणी सांगितलं नव्हतं.

८ फेब्रुवारी

वर्गात करुण रस शिकवला. मागच्या बाकावर एक झोपला. माझं मनगट आपोआप वळत होतं.

१३ फेब्रुवारी, रविवार

नियम एकच. टेकडीवर कुणी कुणाचं खरं नाव घ्यायचं नाही. घेतलं तर एक फेक जप्त.

नियम वेताळाचा. कारण आज कळलं. गिरण्यांच्या संपाला वर्ष उलटलंय. त्याचे चार साचे, म्हणजे माग, तेव्हापासून बंद. आणि आमचा ब्रह्मराक्षस—तोही त्याच खात्यातला—दिवाळीपासून संप मोडून कामावर जातो. पोलिसांच्या गाडीतून. खाली लालबागला दोघं एकमेकांचं तोंड बघत नाहीत. वर एकाच टोपलीवर नेम धरतात.

"नाव घेतला की मिल इली," वेताळ म्हणाला. "ती हंय वर नको."

मग ब्रह्मराक्षसानं त्याचं झाकण मुद्दाम पायानं ढकललं. वेताळानं त्याची मान धरली. दोघं हसत होते.

वेताळाचं नाव मला ठाऊक आहे. कौसल्यानं खाली, पायऱ्यांशी, सांगितलं. इथं लिहीत नाही. त्याच्या नावापुरता नियम कागदालाही लागू.

२० फेब्रुवारी, रविवार

एक गोष्ट टिपायची आहे. टेकडीवर तो मला "तू" म्हणतो. "चेटकीण, तुझा नेम." "तू वाऱ्याच्या उलट उभी हस." मग पायऱ्या उतरतो. फाटकाबाहेर पाऊल पडलं की: "येतो बाई. सांभाळून जा तुम्ही."

फाटकाला कडी नाही, कुलूप नाही. तरी बंद होतं.

आज त्याला विचारलं, वेताळच का? म्हणाला, वेंगुर्ल्याकडे त्यांचा देवच वेताळ. रात्री गावभर फिरतो. लोक त्याला हातभर लांब चपला वाहतात. पुढच्या वर्षी बघावं तर तळ झिजलेले. "देव काय, एका जागी थांबत नाय."

त्याच्या स्वतःच्या चपलेचा अंगठा तारेनं बांधलेला. लालबागहून चालत येतो.

२७ फेब्रुवारी, रविवार

संध्याकाळी अण्णांनी स्थळ काढलं. दादरचे, बँकेत आहेत, पहिली पत्नी वारली. मी नाही म्हटलं.

"मग कोण पाहिजे तुला? वेताळ?"

स्वतःच्याच विनोदावर हसले. मी हसले नाही. हळूहळू त्यांचंही हसू थांबलं. उठून दिवा लावला. दिवा आधीच लागलेला होता—त्यांनी तो बंद केला, मग पुन्हा लावला.

२ मार्च

जेवताना अण्णा: "टेकडीवरचे ते गृहस्थ. कोकणातले ना?"

"हो."

"मनगट चांगलं आहे."

एवढंच. आमटी वाढून घेतली.

६ मार्च, रविवार

वेताळ चालला.

इचलकरंजीला मावसभावाचे पॉवरलूम आहेत. राहायला जागाही तिथंच, मागांच्या बाजूला. २० तारखेला टेकडीवर जोड्यांचा अंतिम सामना, २१ला सकाळची एस.टी. खाली उतरल्यावर सांगितलं, म्हणून "तुम्ही"मध्ये सांगितलं. "तुम्ही आहात ना सामन्याला, बाई? आपली जोडी आहे."

मी म्हटलं, "आहे."

एम.ए. मराठी. एवढंच सुचलं!

कौसल्या टोपली डोक्यावर घेऊन मागेच उभी. तो वळणावर गेला तसं म्हणाली, "काय गो, तोंडात बोंबील धरलायस? बोलायचं व्हतं ना कायतरी?"

"काय बोलू?"

"मना काय इचारतंस? बुकं तू वाचतेस."

१० मार्च

काय बोलायचं ते चार तऱ्हांनी लिहिलं. चारही वाक्यं बरी होती. फाडली.

१३ मार्च, रविवार

सराव. मनगट जमलं. बाकी काही नाही.

१७ मार्च

जाऊ नको असं म्हणायचा मला काय अधिकार? तिथं काम आहे. इथं गिरणीचा भोंगा त्याच्यासाठी वाजत नाही. आणि न बोलता जाऊ दिला तर आयुष्यभर "येतो बाई, सांभाळून जा तुम्ही" ऐकत बसेन. त्यानं जावं. पण "बाई" म्हणून नको जायला. मला हवंय ते एवढंच आहे. "एवढंच" खोडून पुन्हा लिहिलं.

२० मार्च, रविवार

सगळं लिहून काढते.

आम्ही दोघं विरुद्ध ब्रह्मराक्षस आणि हडळ. बक्षीस कौसल्याची सुकट, पुडी भरून. शेवटची टोपली वडाला, गोदी दिसते त्या टोकाला. ब्रह्मराक्षसाचं झाकण टोपलीत पडलं. मग वेताळाची पाळी. टाकली तर बरोबरी, आणि बरोबरी झाली की पुन्हा एक फेरी. लाल तबकडी त्याच्या हातात. वारा पडला होता. त्यानं नेम धरला, मग माझ्याकडे बघितलं.

"ही टाकतंय," म्हणाला, "मग निघतंय."

कुठं निघतो? फेरी बाकी होती. पण मला तो शब्द उद्याच्या एस.टी.चाच ऐकू आला. मी त्याचं नाव घेतलं. खरं. मोठ्यानं. आणि पुढं म्हटलं, "थांब."

ब्रह्मराक्षस उडालाच. "घेतलं! नाव घेतलं! जप्त! फेक जप्त!" दोन्ही हात वर करून वडाभोवती नाचायला लागला. "चेटकिणीनं नाव घेतलं!"

कौसल्या मग कमरेवर हात ठेवून अशी हसली की खालचा माळी वर आला. "आय गो माझे! नाव घेतलं हिनं! अगो, लग्नाआधीच? उखाना तरी घालायचास!"

सगळे हसले. मग आपण काय ओरडत होतो ते ज्याला त्याला कळत गेलं. ब्रह्मराक्षसाचे हात वरच राहिले.

सगळे अण्णांकडे बघायला लागले. निकाल त्यांचा.

अण्णांनी चष्मा काढला, धोतरानं पुसला, घातला. पाटीकडे बघितलं. माझ्याकडे नाही.

"नाव घेतलंय," म्हणाले. "मी ऐकलं. नियम म्हणजे नियम. जोडीची फेक जप्त."

हरलो. तबकडी त्याच्या हातातच राहिली.

पायऱ्या उतरलो. तो पुढं, मी मागं, अण्णा सगळ्यांच्या मागं, मुद्दाम सावकाश. फाटक आलं. तो बाहेर पडला. मी आतच उभी. बाहेर पडले की "बाई" होणार.

पडले.

रस्त्यावर, बसस्टॉपसमोर, माणसं उभी असताना तो म्हणाला, "तुझ्यामुळे हरलो गो."

२१ मार्च, सोमवार

आज सकाळी तुळशीदास एस.टी.नं इचलकरंजीला गेला. त्याआधी घरी आला. खांद्यावर गाठोडं, हातात पत्र्याची ट्रंक. ट्रंक इथं ठेवू का, म्हणाला, फार जड आहे, नंतर येऊन नेईन. अण्णांनी चहा दिला. तो गेल्यावर ट्रंक माझ्या खाटेखाली सरकवायला ते वाकले, तर ती एका हातानं उचलली गेली. आत फक्त तबकडी सरकल्याचा आवाज आला. "जड आहे खरी," अण्णा म्हणाले, आणि दोन्ही हातांनी धरून खाटेखाली ठेवली.