चाळीस फुलं, सगळी उष्टी

थोरल्या (आणि तुझ्याच मते शहाण्या) आपास धाकट्याचा सलाम आणि शिळी ईद मुबारक. शिळी अशासाठी, की ईद होऊन पाच दिवस झाले आणि पेन आज हातात येतंय. तुझा गुडघा कसा आहे? तुझ्या नवरोबांचा, आमच्या दुलाभाईंचा, खोकला थांबला की अजून शेजारी भिंत ठोकतात? आम्ही सगळे खुशाल. अब्बांची तब्येत उत्तम, भूक उत्तम, माझ्यावरचा राग उत्तम. ईदच्या दिवशी तू फोनवर विचारलंस, "फुलं कशी झाली?" आणि मी "बरी झाली" म्हणून घाईघाईनं फोन ठेवला. राग मानू नकोस. अब्बा शेजारीच बसले होते, आणि त्यांना हल्ली ऐकू यायला हवं ते सोडून सगळं ऐकू येतं.

तर मुळापासून सांगतो. अम्मी गेल्यानंतरची ही पहिली ईद. रोजे सुरू झाल्यापासून अब्बांनी एकच धोशा लावला होता, की यंदा घरात गोड काही करायचं नाही, दुकानातून एक डबा आणायचा, आल्यागेल्याच्या हातावर ठेवायचा, विषय संपला. आता ज्या घरात ईदची सकाळ अम्मीच्या खजूर-फुलांनी उजाडायची (रव्याची पारी, पोटात खजूर, वर साच्याची नक्षी, हे तुला सांगायला नको, पण पत्र लिहायला बसलं की माणसाला सगळंच सांगावंसं वाटतं) तिथं दुकानाचा डबा? एका संध्याकाळी रोजा सोडताना माझ्या तोंडून निघून गेलं, "फुलं मी करतो." तुझ्या भावजयीच्या हातातला चमचा ताटलीत पडला. अब्बांनी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "तू दात कर."

हे मला झोंबलं. बावीस वर्षं मी कवळ्या करतोय. माणसाच्या जबड्यात केसभराचं अंतर चुकलं तर तो माणूस दुसऱ्या दिवशी दारात उभा राहतो, तेही बोळक्या तोंडानं शिव्या देत. त्या मानानं रवा म्हणजे काय? अब्बा नाहीत तर अब्बांची बहीण, म्हणून मी लगेच फुफीला फोन लावला. तूप किती, विचारलं. फुफी म्हणाली, "रवा मागेल तेवढं." म्हटलं, रवा बोलत नाही फुफी, वजन सांग. ती म्हणाली, "तुझ्या अम्मीशी बोलायचा." मग मी दवाखान्यातला नाजूक काटा घरी आणला, सगळं मोजून घेतलं आणि रविवारी सकाळी पहिला घाणा भट्टीतून काढला. त्यातलं एक फूल हातातून निसटलं. फूल शाबूत राहिलं. फरशीचा टवका उडाला. (टवक्यावर आता पायपुसणं टाकलंय. अब्बांना वाटतं, घर आवरलं.) दुसऱ्या खेपेला मी काटा बाजूला ठेवला आणि रव्याचं ऐकायचं ठरवलं. तिसऱ्या खेपेला तो खरंच काहीतरी म्हणाला असावा, कारण चव जमली.

आता राहिला साचा. लाकडी साचा अम्मीनंतर तू नेलास. तुझा हक्कच होता, मी त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. (काढलाच तर वेगळ्या पत्रात.) वाटीनं दाबलेलं फूल म्हणजे नुसती भाकर, त्यावर नक्षी हवी. या काळजीत ईदच्या आदल्या दिवशी सकाळी लोणी शोधायला फ्रीजरमध्ये हात घातला, तर पार तळाशी, वाटाण्याच्या पिशवीखाली, चकचकीत कागदाची घट्ट पुडी. उघडून बघतो तर आत अम्मीचं फूल! गेल्या ईदचं. बर्फानं पांढरं झालेलं, पण पाकळी न् पाकळी जागच्या जागी. फक्त कडेला एक घास घेतलेला. मी ते तळहातावर घेऊन किती वेळ उभा होतो कोण जाणे. फ्रीज शेवटी शिट्ट्या मारायला लागला.

पण आपा, मी पडलो कारागीर. डोळे पुसले आणि पुढच्या क्षणी डोक्यात आलं, याचं तर माप घेता येईल! अब्बांना चुकवून फूल डब्यात घातलं आणि थेट दवाखाना गाठला. दातांचं माप घ्यायचं ते गुलाबी मिश्रण कालवलं, पेशंटला सांगतो तसं फुलालाही "हलू नका" म्हणालो (सवय!) आणि माप घेतलं. मग त्यावरून पक्का साचा ओतला. चावलेली जागा मेणानं भरून पाकळी अशी कोरली, की अम्मीलाही कळलं नसतं. घरी आल्यावर तुझी भावजय म्हणाली, "ज्या हातांनी लोकांचे जबडे करता..." मी म्हटलं, हा साचा कोरा आहे, कुणाच्या तोंडात गेलेला नाही. ती नर्स आहे, तिनं तो उकळत्या पाण्यात टाकला. वीस मिनिटं. तिकडं मी खजुराच्या बिया काढत बसलो आणि इकडं माझी मेणाची पाकळी पाण्यात विरघळून गेली.

पहिलं फूल साच्यातून काढलं तेव्हाच दिसलं. कडेला अर्धगोल घास आणि त्यात दातांच्या खुणा, स्वच्छ. पण मळलेला रवा वाट बघत नाही, आणि मी म्हटलं, एवढंसं कोण बघतंय? चाळीस फुलं झाली, आपा. चाळीसच्या चाळीस चावलेली.

ईदला नमाजानंतर बैठक भरली. फुफी, खालच्या मजल्यावरचे टॅक्सीवाले चाचा, त्यांची सगळी फौज. तुझ्या भावजयीनं ताटल्या फिरवल्या. चाचांनी फूल उचललं, कड पाहिली आणि सभ्य माणसासारखं परत ठेवलं. त्यांना वाटलं, आपल्याच वाट्याला उष्टं आलंय. फुफी चष्मा शोधत होती, तेवढ्यात चाचांनी तिच्याशी ताटलीच बदलली. फुफीनं चष्मा लावला, दचकली आणि तिनं ती ताटली चाचींकडे सरकवली. चाचींनी सुनेकडे. पाच मिनिटं बैठकीत नुसत्या ताटल्या फिरत होत्या. सगळे हसून "वा, वा" म्हणत होते, खात कुणीच नव्हतं. शेवटी फुफीचा धीर सुटला. "अरे, हे सगळं चाखून कुणी ठेवलंय?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. चाचा हळूच म्हणाले, "चाळीसही?"

मला सांगावंच लागलं. फ्रीजर, वाटाणे, पुडी, सगळं. अब्बांनी हात पुढे केला, एक फूल घेतलं, चष्मा कपाळावर सरकवून घासाची जागा डोळ्यांजवळ नेली. मला वाटलं, आता हे उठून आत जाणार आणि माझी ईद संपली.

"वाटाण्याखाली?" ते म्हणाले.

"हो, अब्बा."

"चार वर्षं," ते बैठकीला म्हणाले, "डॉक्टरांनी हिची साखर बंद केली म्हणून मीही फिका चहा प्यालो. सोबत म्हणून! शपथेवर सांगायची, गोडाला शिवत नाही. आणि ही वाटाण्याखाली!" आणि ते हसायला लागले, आपा. खांदे हलेपर्यंत, ठसका लागेपर्यंत. गेल्या आठ महिन्यांत हा आवाज या घरात झाला नव्हता. मग त्यांनी फूल फिरवलं आणि बरोबर चावलेल्या बाजूनं घास घेतला. पाठोपाठ सगळ्यांनी. दुपारी ताटात चुरा उरला नाही. चाचा तर खिशात दोन घालून गेले.

तर असं झालं. दुलाभाईंना सलाम, मुलांना खूप प्रेम.

तुझा,
धाकटा

ता. क. : लाकडी साचा पाठवायची गरज नाही. अब्बांना आता चावलेलीच फुलं हवीत.

ता. क. २ : पत्र खरं यासाठी लिहितोय. अम्मीची कवळी मी केली होती. समोरचे दात एका ओळीत, शाळेतल्या मुलांसारखे. फुलावरच्या घासात समोरच्या दोन दातांमध्ये तांदळाचा दाणा मावेल एवढी फट आहे. आपल्या खानदानात अशी फट एकाच तोंडात आहे, आणि ते तोंड गेल्या ईदला आपल्याकडे आलं होतं. त्या वेळी दुलाभाईंना ते अभिमानानं सांगत होतं, की वजनासाठी गोड साफ सोडलंय. पहिलं फूल साच्यातून निघालं तेव्हाच मी ओळखलं होतं. बैठकीत अब्बांचा चेहरा बघून गप्प बसलो. ते पुढच्या आठवड्यात तुला फोन करून विचारणार आहेत, अम्मी चोरून खायची हे तुला माहीत होतं का. तू हो म्हण. रडू नकोस, आढेवेढे घेऊ नकोस, नुसतं हो म्हण.

ता. क. ३ : आणि पुढच्या वेळी लपवून खायचंच असेल तर सबंध खा.