पहाटेच्या पुलावाचे दिवे

कोकंद, मंगळवार, १४ जानेवारी
सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे. इन्व्हर्टरखाली स्टुलावर बसलो आहे

ती. शोकिरमामांस ओलिमचा सलाम. वि. वि.

तुम्हांला फोनवर ऐकू येत नाही आणि पडद्यावरची अक्षरं डोळ्यांना सोसत नाहीत, म्हणून हे पत्र गुलिस्तानच्या टॅक्सीवाल्याबरोबर पाठवतो आहे. सोबत आईने आठ नान दिले आहेत. तो सात म्हणाला तर ऐकू नका.

नसिबाआपा माहेरी आल्यापासून घरातले दिवे वरचेवर जातात, काल पुन्हा गेले. छतावरच्या सौर पॅनेलवर लख्ख ऊन, बॅटरी भरलेली, शेजारी वीज होती. अंधार फक्त आपल्याकडे. आपाच्या शिलाई मशीनखाली गिऱ्हाइकाचा नवरीचा झगा अर्धा राहिला. तासाभरात बोतिर अवजारांची पेटी घेऊन दारात हजर. (त्याला दाजी म्हणायला आता जीभ वळत नाही.) त्याला कुणी बोलावलं नव्हतं. इकडेतिकडे हात लावला आणि दिवे आले. मग गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात आईला म्हणाला की बायकांच्या हाती घर गेलं की असंच होणार, नसिबाला धाडा, मग मी रोज येऊन बघत जाईन.

मामा, इन्व्हर्टर त्यानेच लग्नाच्या वर्षी बसवला. त्याला लावलेली नेटची काडी त्याच्याच नावावर आहे. दुकानात बसून फोनवर अंगठा दाबला की आपलं घर बंद. स्वतः बिघडवायचं, स्वतः दुरुस्त करायचं आणि वर शाबासकी घ्यायची. मी मोहल्ल्याच्या समितीत हे सांगितलं. समितीचे वडीलधारे प्रमुख तुरोब अक्सकाल म्हणाले की नववीत शाळा सोडलेल्या पोराने चांगल्या कारागिरावर आळ घेऊ नये. बाबांना जाऊन वर्ष होतंय, त्यांच्या नावाने मोहल्ल्याला वाढायचा पहाटेचा पुलाव झाला की आपाने परत जायचं का, ते समिती ठरवणार आहे. आपाच्या मनगटावरचा डाग अजून गेलेला नाही. तिला पाठवलं तर पुढच्या खेपेला ती चालत येईल असं मला वाटत नाही.

त्याचं दुकान पेटवावंसं वाटतं. नाहीतर काडी उपटून त्याच्या तोंडावर फेकतो. काय करू ते कळवा.

लोभ आहेच; सध्या थोडा जास्त लागतो आहे.
तुमचा भाचा,
ओलिम


गुलिस्तान, १७ जानेवारी

चि. ओलिमला मामाचे आशीर्वाद.

नान सातच पोचले. टॅक्सीवाला म्हणतो, पोराचं अक्षर चांगलं आहे, पण गणित कच्चं आहे.

दुकान पेटवलंस तर सगळा मोहल्ला त्याच्यासाठी वर्गणी काढेल. काडी उपटलीस तर तो म्हणेल की पोराने खेळ करून बिघडवलं. तेव्हा दोन्ही नको. काडी राहू दे. इन्व्हर्टरच्या बुडाशी दोन तारा जोडायची जागा असते, पंपघरात नोकरीला असताना आम्ही तेच वापरायचो. तिथून तार काढून साबणाच्या वडीएवढा जुना संगणक जोड, आणि त्याला वीज थेट बॅटरीतून दे, म्हणजे दिवे गेले तरी तो जागा राहील. पैसे कमी पडले तर टॅक्सीवाल्याकडून घे, मी त्याला सांगून ठेवलं आहे. घरातली यंत्रं चालवायचा फुकटचा प्रोग्रॅम मिळतो, तो त्यात टाक. बाहेरच्या नेटची गरज नाही, इन्व्हर्टर आणि संगणक घरातल्या घरात बोलतील. संगणकाला हुकूम एकच: हा बंद झाला की लगेच चालू कर.

मग बोतिरला खुशाल बंद करू दे, पण चारचौघांत. पुलावाला त्याला जावयाच्या मानाच्या जागी बसव आणि चहा तुझ्या हाताने दे. माझ्या भाचीचं मनगट मी विसरलेलो नाही. तंदूर गरम असावा, डोकं नाही.

आईला सांभाळ. मला विसरू नकोस, पण नान मोजून पाठव.
शोकिरमामा


कोकंद, २६ जानेवारी

ती. मामांस सलाम. वि. वि.

दोन दिवस इन्व्हर्टर एक शब्द बोलला नाही. मी प्रत्येक आकडा पुस्तिकेशी ताडून पाहिला, सगळे बरोबर होते. शेवटी कळलं की दोन्ही तारा उलट जोडल्या होत्या. अदलाबदल केली आणि बॅटरीचा आकडा पडद्यावर आला. मग मुद्दाम इन्व्हर्टर बंद केला. शिंक येऊन जाईपर्यंत तो पुन्हा चालू झाला.

आई म्हणते की बाबांच्या नावाच्या पुलावात सूड कालवू नका. आपा म्हणाली की बाबा असते तर तारा त्यांनीच जोडल्या असत्या, आणि उलट जोडल्या नसत्या.

माझी धास्ती वेगळीच आहे. त्या दिवशी त्याने काही केलंच नाही तर? लगेच उत्तर द्या.

तुमची माया अशीच राहो.
ओलिम


गुलिस्तान, २९ जानेवारी

चि. ओलिम, आशीर्वाद. ज्याला वाहवेची चटक लागली आहे, तो दोनशे माणसं जमलेली पाहून हात आवरणार नाही. तू फक्त चहा दे.
मामा


कोकंद, सोमवार, ३ फेब्रुवारी

ती. शोकिरमामांस ओलिमचा सलाम. वि. वि.

काल पहाटे अजान झाली आणि माणसं यायला लागली. अंगण भरलं. बोतिरला मी अक्सकालांच्या शेजारी, बरोबर दिव्याखाली बसवलं. चहा ओतताना मी थोडा बाहेर सांडला. तो हसून म्हणाला की थंडी फार आहे, पोराला कोट द्या कुणीतरी.

दुआ झाली, पुलावाची ताटं आली आणि त्याचा हात टेबलाखाली गेला. दिवे गेले. सगळं अंगण काळंकुट्ट, आणि त्यात एकच तोंड उजळलेलं: फोनच्या उजेडात त्याचं. घाबरू नका, मी बघतो, असं म्हणत तो अर्धा उठला, तोवर दिवे आले. तो तसाच वाकलेला राहिला. तो बसला. नेटचा घोटाळा समजून त्याने पुन्हा दाबलं. पुन्हा अंधार, पुन्हा ते तोंड, पुन्हा उजेड. तिसऱ्यांदा दिवे गेले तेव्हा दिव्यांकडे कुणी पाहिलंच नाही, सगळे त्याच्याकडे बघत होते. समोरचा न्हावी म्हणाला की जावईबापू, अजून एकदा होऊ दे, नातू मागे बसलाय, त्याला दिसलं नाही. मागून हसू फुटलं.

अक्सकालांनी हात पुढे केला. बोतिरला फोन द्यावा लागला. त्यांनी चष्मा चढवला, पडद्यावरचं आमच्या घराचं नाव मोठ्याने वाचलं आणि स्वतःच्या अंगठ्याने दाबलं. अंधार. उजेड. त्यांनी फोन ताटाशेजारी ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले की खाऊन घे, पुलाव मेलेल्याच्या नावाचा आहे, तो कुणाला नाही म्हणत नाही. पण या घरचा जावई म्हणून हा तुझा शेवटचा घास. त्याने एक घासही घेतला नाही. मी मात्र त्याच्या समोर बसून दोनदा वाढून घेतलं.

संध्याकाळी समितीचा निरोप आला: नसिबा परत जाणार नाही, तलाकच्या कागदावर अक्सकाल सही करतील.

आज दुपारी बोतिरच्या आईने मोलकरणीकडून विचारलं की आमच्याही घरी तसा संगणक बसवशील का. भांडण झालं की तो दुकानातून तिचा हीटर बंद करतो. मला दया आली, फुकट करून देईन म्हणालो. आपाने मशीनवरून मान वर केली नाही. म्हणाली की पूर्ण पैसे घे. त्याने माझं मनगट पिरगळलं तेव्हा सासूबाई शेजारच्या खोलीत होत्या. त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

म्हणून हिशेब असा:
खर्च: तार चाळीस हजार सोम, जुना संगणक सहा लाख.
देणं: टॅक्सीवाल्याकडून तुमच्या नावावर घेतलेले तीन लाख.
येणं: बोतिरच्या आईकडून आठ लाख. एक सोमही कमी नाही.

तुमचा,
ओलिम