डबी दाबली का?

१२ फेब्रुवारी

ती. ताईस,

नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत. आईचा गुडघा दुखतो, पण तोंड शाबूत आहे. तुझी खुशाली तिच्याकडूनच कळते.

कामाचं लिहितो. आपलं वाचनालयांचं सॉफ्टवेअर एक मोठी संस्था घेते आहे. त्यांच्या वकीलबाईंनी विचारलं, "बटणांवरची ही एक्केचाळीस चित्रं कुणाची?"

मी म्हटलं, "कॉम्प्युटरमध्येच होती की! फोल्डर, प्रिंटर, कचऱ्याची टोपली. सगळ्यांकडे असतात."

"सगळ्यांकडे असतात म्हणजे सगळ्यांची होत नाहीत. कॉम्प्युटरने स्वतःचं चित्र दाखवणं वेगळं आणि तुम्ही ते उचलून आपल्या मालात घालून विकणं वेगळं. ऑपरेटिंग सिस्टिमच्या करारात तशी मुभा दाखवा."

तो सोळा पानी करार मी पहिल्यांदाच वाचला. आजवर 'मान्य आहे' दाबून मोकळा होत होतो. मुभा नव्हती.

मग कोणतं चित्र कुणाचं याचा तक्ता भरायला बसलो. चाळीस चित्रांपुढे 'उचललं' असं लिहिलं. एक्केचाळिसावं 'जतन करा'चं. पहिल्या आवृत्तीसाठी तू काढलेली आईची बटणांची डबी! तुझी बाकीची चाळीस बदलताना ती तेवढी नजरचुकीने राहून गेली होती. आता ग्रंथपाल मंडळी 'जतन केलं का' म्हणतच नाहीत, 'डबी दाबली का' म्हणतात.

"ही तर घरचीच," मी वकीलबाईंना म्हटलं. "ताईने काढली आहे."

"ताई तुमची, चित्र तिचं. कागद आहे?"

कागद नाही. विचारलंच कुठे होतं?

आता खरं सांगतो. चार वर्षांपूर्वी मी तुला म्हटलं, गिऱ्हाइकांना तुझी चित्रं बालवाडीतली वाटतात. गिऱ्हाइकांनी ती पाहिलीच नव्हती. लाज मला वाटली होती. तू पेन्सिली उचलून निघून गेलीस आणि मला सुटल्यासारखं झालं. त्या सुटण्याची लाज आज वाटते.

तुझी चाळीसही चित्रं मी ठेवली आहेत. ती परत लावायची आहेत, तुझ्या नावासकट. परवानगीचा कागद सोबत जोडला आहे. शुक्रवारपर्यंत सही हवी. करायची नसेल तर डबीही काढून टाकीन. व्यवहार मोडला तर मोडला. पण 'नाही' असेल तर तेही तुझ्या हाताने लिहून पाठव. आईच्या तोंडून नको.

तुझाच (हे मात्र न विचारता लिहितो),
धाकटा